घंटा चौथ्या परिच्छेदात

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

पत्रलेखक गेली सहा वर्षं एका मासिकात पुस्तकांवर लिहितात. संपादकांनी या वेळी त्यांच्याकडे पाचशेवीस पानांची एक इंग्रजी कादंबरी पाठवली. मध्ययुगीन वळणाचं काल्पनिक जग आहे आणि डोंगरावरच्या मठातली घंटा चोरीला गेली आहे. तिचा नाद थांबल्यापासून दरीतलं धुकं रोज थोडं वर सरकतंय आणि त्या धुक्यात काहीतरी हिंडतंय. घंटा परत आणायला दोघी निघतात. एक सरदारघराण्यातली तलवारबाज, दुसरी घंटा ओतणाऱ्या कारागिराची मुलगी. वाटेत एक फिरता भाट भेटतो, जो स्वतःला ना पुरुष म्हणवतो ना बाई. दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात. पत्रलेखकांना पूर्वार्ध आवडला, उत्तरार्ध रेंगाळला, शेवट गोग्गोड वाटला. चार मसुदे फाडून झाले, पाचवा पत्रासोबत जोडला आहे. टीका केली तर पूर्वग्रह म्हणतील, कौतुक केलं तर विषयाला मार्क दिले म्हणतील. ‘मध्ययुगात असं काही नव्हतं’ हा मुद्दा ठेवावा का? भाटासाठी तो, ती, ते यांपैकी काय वापरावं? आणि स्वतः समलिंगी नसताना या पुस्तकावर लिहावं का, की ते सरळ परत करावं?

नमस्कार,

कादंबरी मी वाचलेली नाही. तुमचा मसुदा मात्र दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. त्या मसुद्यात घंटा पहिल्यांदा येते ती चौथ्या परिच्छेदात. त्याआधी काय आहे? पहिल्या परिच्छेदात अशा विषयांवर लिहिलं जाणं स्वागतार्ह आहे, वगैरे. दुसऱ्यात तुम्ही या विषयाकडे मोकळ्या मनाने पाहता याची ग्वाही. तिसऱ्यात ‘प्रस्तुत लेखक स्वतः समलिंगी नसल्याने’ काही निसटलं असल्यास क्षमस्व. हेच वाक्य थोडं फिरवून शेवटी परत येतं आणि पत्रात आणखी एकदा. एकूण तीन वेळा.

चोरीला गेलेल्या घंटेबद्दल काहीतरी कळेल म्हणून पान उघडणाऱ्या माणसाला तीन परिच्छेद तुमच्याबद्दलच वाचावं लागतंय. सहा वर्षांत तुम्ही समुद्री चाच्यांवर किंवा चेटकिणींवर एखादं पुस्तक हातावेगळं केलंच असेल. तेव्हा आपण चाचे नसल्याचा खुलासा केला होतात का? तर हा खुलासाही काढा, सगळीकडून. तुम्ही कोण आहात हे मी विचारत नाही आणि परीक्षण वाचणाराही विचारत नाही. ते वाक्य जर घरातल्या कुणासाठी किंवा स्वतःसाठीच लिहिलं गेलं असेल, तर तो विषय निराळा. त्यावर हवं तेव्हा निराळं पत्र लिहा. ते छापायचं की नाही हे तुम्ही सांगाल तसं.

आता टीकेकडे येऊ. दोष दाखवणं आणि पूर्वग्रह बाळगणं यांच्यामध्ये एक बारीक रेघ आहे आणि आपला पाय नकळत तिच्यावर पडेल, असं तुम्ही धरून चालला आहात. मला रेघेपेक्षा मोघमपणाची काळजी वाटते. मोघम वाक्यात पूर्वग्रह आरामात राहतो, कुणाला दिसत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. तुमचंच वाक्य घ्या: ‘दोघींचं प्रेम जरा जास्तच रंगवलं आहे.’ जास्त म्हणजे किती? हिशोब तुमच्याच पत्रात आहे. प्रेमाचे उघड प्रसंग दोन, मिळून तीन पानं. दलदलीतला प्रवास सत्तर पानं, त्यात तीच चर्चा तीनदा, आणि तलवारबाजेच्या मांडीला झालेली खोल जखम चौथ्या दिवशी गायब. मग जास्त काय झालं? पण मसुद्यात दलदलीच्या वाट्याला अर्धं वाक्य आलंय आणि प्रेमाच्या वाट्याला अडीच. डोळ्याला सवय नसली की गोष्ट असते त्याहून मोठी दिसते. पानं मोजली की ती आपल्या आकाराला येते. शिवाय ती तीन पानं तुम्ही ‘भरभर उलटली’ असंही लिहिलंय. ती आधी नीट वाचा. न वाचलेल्या पानांवर शेरा मारायचा नाही, एवढा नियम तर आपण कुठल्याही पुस्तकाला लावतोच.

अशा वेळी एक उपाय बरेच जण सुचवतात, जोडी बदलून बघण्याचा. तलवारबाज पुरुष असता तर हेच वाक्य मी लिहिलं असतं का, असं स्वतःला विचारायचं. उपाय चांगला आहे, पण तो तुमची वाक्यं तपासायला, पुस्तक तपासायला नव्हे. तलवारबाज पुरुष असता तर मठाच्या प्रमुख बाईंनी दोघांना घालवून देण्याचा प्रसंगच आला नसता आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे अर्ध्या कथेचा पेच तिथेच तर आहे. ‘प्रेम हे प्रेमच असतं, बाई-पुरुष हा तपशील गौण’ असं एक वाक्य तुमच्या मसुद्यात आहे. ऐकायला छान वाटतं. पण या कादंबरीत तो तपशील गौण नाही, त्याच्यावर गोष्ट उभी आहे.

कौतुकाच्या बाजूलाही तोच मोघमपणा आहे. ‘धाडसी विषय अत्यंत संवेदनशीलपणे हाताळला आहे.’ हे वाक्य मी इतक्या परीक्षणांत वाचलंय की ते दिसलं की माझे डोळे आपोआप पुढच्या पानावर जातात. धाडस धुक्यात शिरणाऱ्या दोघींनी केलंय, ते त्यांना द्या. ‘तसल्या नात्यांना’ मधलं ‘तसल्या’ काढा. लिहिताना तुम्हाला खटकलं नसेल, पण मराठीत ‘तसलं’ म्हटलं की नाक मुरडलेलंच दिसतं. समलिंगी हा शब्द आहे, तो वापरा. भाटालाही सामावून घ्यायचं असेल तर क्वीअर म्हणा, प्रेमाच्या किंवा बाई-पुरुषाच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या सगळ्यांसाठीचा तो शब्द आहे. आणि ‘दोघींमध्ये एक अनोखं नातं फुलतं’ ही लपवाछपवी कशासाठी? कथेतलं रहस्य फुटेल म्हणून म्हणत असाल तर मलपृष्ठावर ते छापलेलं आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ‘दोघी प्रेमात पडतात’ असं पहिल्या-दुसऱ्या वाक्यात सांगून टाका. ज्यांना असंच पुस्तक हवंय त्यांना ते सापडेल, ज्यांना नकोय ते वेळीच पान उलटतील. ‘लेखिकेचे स्वतःचे अनुभव असावेत’ ही ओळ तर छापू नकाच. लेखिकेने स्वतः जाहीर सांगितलेलं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी हा अंदाज बांधणं परीक्षकाचं काम नाही.

मसुद्यातला सगळ्यात ठाम परिच्छेद, ‘मध्ययुगात असं काही नव्हतं, त्यामुळे कथा ऐतिहासिकदृष्ट्या पटत नाही’, नेमका सगळ्यात कच्चा आहे. होमोसेक्शुअल हा शब्द छापून आला १८६९ साली, हे खरं. मध्ययुगात कुणी स्वतःची ओळख या शब्दात सांगत नव्हतं. पण माणसं होती आणि त्यांच्या खुणा कागदावर, दगडावर राहिल्या आहेत. डिसेंबर १३९४ मध्ये लंडनच्या चीपसाइड भागात बाईच्या वेषातल्या एका व्यक्तीला पकडलं. जन्माचं नाव जॉन रायकनर, पण चौकशीत सांगितलेलं नाव एलिनॉर. ऑक्सफर्डमध्ये एलिनॉर म्हणूनच भरतकाम करून पोट भरत असल्याचंही त्या जबाबात आहे. हे शहराच्या दप्तरात नोंदलेलं आहे. फ्लोरेन्समध्ये पुरुषांमधल्या संबंधांचा छडा लावायला १४३२ साली एक स्वतंत्र कचेरी काढली, ती १५०२ पर्यंत चालली. जेमतेम चाळीस हजारांच्या शहरात त्या सत्तर वर्षांत सतरा हजारांच्या आसपास लोकांची नावं तिच्यापुढे आली, असा इतिहासकारांचा हिशोब आहे. जे ‘नव्हतंच’ त्यासाठी एवढी मोठी कचेरी कोण चालवेल?

तुम्हाला शिलेदारांच्या गोष्टी आवडतात म्हणून आणखी एक सांगते. सर विल्यम नेव्हिल आणि सर जॉन क्लॅनव्हो हे दोन इंग्लिश सरदार १३९१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलजवळ, म्हणजे आजच्या इस्तंबूलजवळ, वारले. आधी क्लॅनव्हो गेला, नेव्हिलने अन्न सोडलं आणि दोन दिवसांत तोही गेला, असं त्या काळच्या बखरीत लिहिलंय. दोघांच्या थडग्यावरचा दगड इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यावर दोघांची शिरस्त्राणं समोरासमोर कोरलेली आहेत आणि ढालींवर दोघांची कुलचिन्हं एकत्र केली आहेत, नवराबायकोची करत तशी. त्यांच्यात नेमकं काय होतं ते दगड सांगत नाही. अभ्यासकही इथे जपून बोलतात, तुम्हीही जपून बोला. पण ‘असं काही नव्हतं’ हे वाक्य या दगडासमोर उभं राहून म्हणवत नाही.

उलट्या टोकालाही जाऊ नका, म्हणजे त्या काळी सगळं कसं मोकळं होतं वगैरे. १४७७ साली जर्मनीतल्या श्पायर शहरात काटारिना हेट्झेलडोर्फर हिला पुरुषासारखं राहून बायकांशी संबंध ठेवल्याबद्दल ऱ्हाईन नदीत बुडवून मारलं. कादंबरीत मठाच्या बाई दोघींवर उखडतात ते लेखिकेने आजच्या काळातून उचलून तिथे बसवलेलं नाही.

आणि आता तो बटाटा. त्याच मसुद्यात सरायीच्या प्रसंगाचं तुम्ही मन भरून कौतुक केलंय: ‘लाकडाचा धूर, ओले झगे, बटाट्याच्या सूपची वाफ, वाचक थेट तेराव्या शतकात पोचतो.’ इथे मी हसले, राग मानू नका. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, युरोपात पोचला सोळाव्या शतकात. तेराव्या शतकातला बटाटा तुम्ही चवीने खाल्लात आणि प्रेमाच्या घासाला खडा लागला. खरं तर दोन्ही चालेल, कारण हे जग लेखिकेने रचलेलं आहे. तिथे बटाटे उगवू शकतात आणि घंटेच्या नादाने धुकं मागेही हटू शकतं. तपासायचं ते इतकंच की त्या जगाचे नियम ते जग स्वतः पाळतं का. नव्वदाव्या पानावर मठाचा कायदा दोघींना वेगळं करतो आणि तीनशेव्या पानापुढे तो कायदा कुणाच्या लक्षातच राहत नाही, हे तुम्ही समासात टिपलंय. खरी टीका ती आहे. ती समासातच राहिली, मसुद्यात आलीच नाही.

शेवटाबद्दल तुमचं म्हणणं की तो ‘गोग्गोड आणि वास्तवाला सोडून’ आहे. इथे थोडं मागे जाऊन बघायला हवं. समलिंगी प्रेमाच्या गोष्टींना सुखान्त शेवट फार काळ मिळालाच नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी दोन पुरुषांची प्रेमकथा १९१३-१४ मध्ये लिहिली, मुद्दाम सुखान्त केली आणि आयुष्यभर बाजूला ठेवली. ती छापली गेली १९७१ मध्ये, ते गेल्यानंतर. शेवट दुःखाचा केला असता तर प्रकाशन सोपं गेलं असतं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत बायकांच्या प्रेमाच्या स्वस्त पुस्तकांचं पेव फुटलं, तेव्हाही शेवटी एकीला वेड लागायचं, नाहीतर मरण यायचं, नाहीतर लग्न करून ती ‘सुधारायची’. अश्लीलतेच्या कायद्यापुढे प्रकाशकाला ते सोयीचं पडे. एवढं वाचून झालेला वाचक या दोघी जिवंत घरी पोचल्या म्हणून सुटकेचा श्वास सोडेल आणि तुम्ही त्यालाच गोग्गोड म्हणाल. म्हणून शेवट आवडून घ्या असं मी म्हणत नाही. कुठे बिनसलं ते सांगा. तुमच्या पत्रावरून मला दिसतं ते असं: दोघींना चारशे पानं विरोध करणाऱ्या मठाच्या बाई शेवटी अर्ध्या पानात विरघळतात आणि का, ते कळत नाही. म्हणजे दोघींचं सुख खोटं नाही, बाईंचा हृदयपालट फुकटात झालाय. असं लिहिलंत तर कुणी पूर्वग्रह म्हणणार नाही. आणि म्हटलंच, तर तुमच्याकडे पान क्रमांक आहे.

भाटाचा प्रश्न मला फार आवडला. इंग्रजीत एकवचनी ‘दे’ (they) हे सर्वनाम वापरून लेखिका सुटली, मराठीत क्रियापदच चुगली करतं. वर तुमच्या पत्राचा सारांश करताना मीही ‘भेटतो’, ‘म्हणवतो’ लिहून बसले आणि मग तसंच ठेवलं, तुम्हाला दाखवायला. ‘ते गेले’ म्हटलं तर आदरार्थी पुरुष होतो. ‘ते गेलं’ म्हटलं तर वस्तू किंवा तान्हं मूल वाटतं. कुणी स्वतःसाठी ते रूप निवडलं असेल तर आपण तेच वापरावं, पण कुणावर लादू नये. माझा तोडगा व्याकरणातलाच आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद घ्या: ‘भाटाने गाणं म्हटलं’, ‘भाटाने दार उघडलं.’ क्रियापद कर्माच्या मागे जातं, भाट मोकळा. दुसरी वाट आपल्या जुन्या गोष्टींतली, रीतिभूतकाळाची. तो गाई, ती गाई, रूप एकच. ‘प्रत्येक सरायीत भाट नवी ओळख सांगे, नवं गाणं गाई आणि पहाटे कुणाचा निरोप न घेता वाट धरी.’ लिंग कुठेच दिसलं नाही आणि बाज मध्ययुगाला शोभला. सर्वनामाच्या जागी शक्यतो नावच घ्या. ‘भाट’ हा शब्द स्वतः पुल्लिंगी आहे, त्याला इलाज नाही, पण नाव असेल तर तीही अडचण जाते. सगळा लेख असा लिहायचा म्हटलं तर कृत्रिम होईल, पण भाटाच्या वाट्याला येऊन येऊन सात-आठ वाक्यं येणार, तेवढी सहज निभतात.

ही कसरत आजची आहे असंही समजू नका. तेराव्या शतकात फ्रेंचमध्ये सायलेन्स नावाच्या मुलीची पद्यकथा लिहिली गेली. राजाने मुलींचा वारसा बंद केला म्हणून आईबाप तिला मुलगा म्हणून वाढवतात, ती पुढे गवय्या होते, शूर सरदारही होते. लॅटिन वळणाने तिचं नाव ‘सिलेन्टियस’ ठेवतात, आणि गुपित फुटलंच तर शेवटचं अक्षर बदलून ‘सिलेन्टिया’ करू म्हणतात. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचा कवीही प्रत्ययापाशी अडला होता आणि त्यातून गंमत करून गेला. त्या काव्याचं एकुलतं हस्तलिखित १९११ साली इंग्लंडमधल्या एका वाड्यात सापडलं, बिनकामाचे कागद म्हणून बाजूला टाकलेल्या पेटीत.

राहिला प्रश्न लिहावं की परत करावं. लिहा. त्या प्रेमाचीच शिसारी येत असती तर मी परत करा म्हटलं असतं, पण तुमच्या पत्रात शिसारी नाही, धास्ती आहे. वेळ असेल तर छापायच्या आधी मसुदा एखाद्या समलिंगी किंवा ट्रान्स मित्राला, मैत्रिणीला दाखवा. मात्र ‘यात काही आक्षेपार्ह नाही ना?’ असं विचारू नका, तो दाखला मागणं झालं. ‘कुठल्या वाक्यापाशी थबकलात?’ एवढंच विचारा. नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा. आणि न विचारता आभारात त्यांचं नाव घालू नका. तुमच्या दृष्टीने ती एक ओळ असते, त्यांच्या घरी त्या ओळीवरून काय होईल ते आपल्याला माहीत नसतं. लेख आल्यावर पत्रं येतील, दोन्हीकडून. माहिती चुकली असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती द्या, मतावर वाद घालत बसू नका.

सुरुवात कुठून करायची तेही तुमच्या पत्रातच आहे, तिसऱ्या पानाच्या कडेला, आडवं लिहिलेलं. ओतकामाची रात्र. चार भाग तांबं, एक भाग कथील, कथील वाढलं तर घंटा ठिसूळ होणार, आणि मुलगी वितळलेल्या धातूचा रंग बघत गप्प उभी. तलवारबाज पहिल्यांदाच हातातले लोखंडी पंजे काढून ठेवते आणि भाता ओढायला बसते. त्यापुढे तुमचे शब्द आहेत, ‘इथे मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसता दिवा बघत होतो.’ पहिला परिच्छेद हा करा, दुसऱ्यात दलदल घ्या.

ता.क. मध्ये तुम्ही विचारलंय, या एका लेखापुरतं टोपणनाव घेतलं तर चालेल का. संपादकांचं मला माहीत नाही, पण माझ्या हिशेबात तो चौथा खुलासा होईल. सहा वर्षं ज्या नावाने लिहिलंत त्याच नावाने हाही छापा. त्या नावाच्या माणसाला लांबलेले प्रवास आवडत नाहीत, हे तुमच्या वाचकांना आता चांगलं ठाऊक आहे.